एकोणऐंशी वर्षांचं विमान आणि आल्प्समधली अरुंद दरी

होटगी रोडच्या विमानतळावरून पुन्हा विमानं उडायला लागल्यापासून सोलापुरात विमानांच्या गप्पांना ऊत आलाय. गोव्याची सेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली आणि तीनच दिवसांत अहमदाबादच्या अपघाताची बातमी आली. तेव्हापासून टपरीवर चहा घेणारा प्रत्येक जण थोडाफार अपघाततज्ज्ञ झाला आहे. अशाच गप्पांत कुणीतरी मोबाइलवर स्वित्झर्लंडच्या डोंगरात कोसळलेल्या एका जुन्या विमानाचा फोटो पुढे करतो. नालीदार पत्र्याचं अंग, तीन इंजिनं, १९३९ सालची बनावट. निकाल तिथल्या तिथे लागतो: "एवढं जुनं विमान म्हणल्यावर पडणारच की!"

हा निकाल ऐकायला पटतो. पण त्या अपघाताच्या अधिकृत अहवालात विमानाचं वय आहे, गंज आहे, तडे आहेत आणि तरीही विमान या गोष्टींमुळे पडलं असं तो म्हणत नाही. मग ते पडलं कशानं? हे समजून घ्यायला विमानशास्त्राची पदवी लागत नाही. हवा, वेग आणि वळायला लागणारी जागा एवढं कळलं तरी पुरतं. त्यातला पहिला धडा तर सोलापूरकर दर मे महिन्यात अंगावर घेतच असतात.

आधी घटना. जर्मनीतल्या युंकर्स कंपनीचं हे विमान 'यू ५२' जातीचं. १९३०च्या दशकात या जातीची विमानं युरोपभर प्रवासी नेत होती, पुढे महायुद्धात ती सैन्याच्या कामाला जुंपली गेली. जवळपास पाच हजार बनली, आज उडण्याच्या अवस्थेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत. स्वित्झर्लंडच्या हवाई दलाने १९३९ मध्ये तीन घेतली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरली. नंतर हौशी लोकांनी 'यू-एअर' नावाची संस्था काढून तीच विमानं पर्यटकांसाठी उडवायला सुरुवात केली. त्यांपैकी एकाची नोंदणी एचबी-एचओटी. ४ ऑगस्ट २०१८ रोजी दोन दिवसांची सहल आटोपून ते दक्षिणेकडच्या लोकार्नोहून झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फला परतत होतं. सतरा प्रवासी, दोन वैमानिक, एक केबिन कर्मचारी. संध्याकाळी पाचला काही मिनिटं कमी असताना पित्झ सेग्नास शिखराच्या पायथ्याशी, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, ते जवळजवळ सरळ उभं खाली आलं. वीसही जण गेले. आग लागली नाही, विमान हवेत फुटलं नाही, दुसऱ्या कशावर आदळलंही नाही. आकाश स्वच्छ होतं आणि दिवस उन्हाळ्याचा, चांगलाच तापलेला.

तापलेला दिवस हा तपशील महत्त्वाचा आहे, म्हणून आता सोलापुरात येऊ.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा हवा फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत हवेचे कण कमी होतात. डिसेंबरात पहाटे १५ अंश असताना एका घनमीटरमध्ये जेवढी हवा असते, त्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी सुमारे नऊ टक्के कमी असते. विमानवाले हा हिशेब वेगळ्या भाषेत मांडतात. 'आजची हवा प्रमाण वातावरणातल्या किती उंचीवरच्या हवेइतकी पातळ आहे?' असं ते विचारतात आणि उत्तराला 'डेन्सिटी अल्टिट्यूड' म्हणतात. ४३ अंशांच्या दुपारी होटगी रोडच्या धावपट्टीसाठी हे उत्तर येतं साधारण १६०० मीटर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. म्हणजे धावपट्टी जागची हलली नाही, पण विमानाच्या दृष्टीने ती राज्यातल्या सर्वांत उंच शिखराच्या माथ्याजवळ जाऊन बसली.

पातळ हवेने विमानाचं तिहेरी नुकसान होतं. पंखांना उचल मिळते ती त्यांच्याभोवतून वाहणाऱ्या हवेमुळे. हवा पातळ झाली की तेवढीच उचल मिळवायला जास्त वेगाने जावं लागतं. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे ताकद घटते. प्रोपेलर ज्या हवेला मागे ढकलून विमान पुढे नेतो, ती हवाच कमी असल्याने त्याची ओढही कमी पडते. परिणामी विमान जास्त धावतं आणि उडाल्यावर वर चढतं तेही मंद उताराने. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून आपल्याकडे वर्षानुवर्षं जे रणकंदन झालं आणि जून २०२३ मध्ये चिमणी पाडल्यावरही ज्याची धग पुरती विझली नाही, त्यातला राजकारणाचा भाग बाजूला ठेवला तर तांत्रिक गाभा एवढाच आहे: धावपट्टीच्या टोकापलीकडे उंच काही असेल, तर सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत पातळ हवेत, एक इंजिन बंद पडलेलं असतानाही विमान त्यावरून सुखरूप जाईल का? आजच्या नियमित विमानसेवेत हे गणित प्रत्येक उड्डाणाआधी होतं. उत्तर 'नाही' आलं तर सामान किंवा प्रवासी कमी करतात.

आता हेच सगळं आल्प्समध्ये नेऊन ठेवा. विमान पावणेतीन हजार मीटरच्या आसपास, त्यात उन्हाळा. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिस्सा पातळ. इंजिनं जुन्या पिस्टनची, उंचीवर दमणारी. आणि समोर घोड्याच्या नालेसारखी तीन बाजूंनी बंद होत जाणारी दरी.

वेगाच्या काट्याची एक गंमत इथे सांगायला हवी. विमानातला काटा रस्त्यावरच्या गाडीसारखा चाकं मोजत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. हवा पातळ असली की दाब कमी, म्हणून काटा खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवतो. काटा ताशी १७० किलोमीटर म्हणत असेल तर त्या उंचीवर विमान प्रत्यक्षात १९५च्या आसपास जात असतं. उडत राहण्यासाठी काट्यावरचा आकडा खरा, कारण पंखालाही तोच दाब जाणवतो. पण वळण्यासाठी लागणारी जागा मात्र खऱ्या वेगावर ठरते, आणि तीही वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १५ टक्के वाढला की वर्तुळ जवळपास एक तृतीयांशाने मोठं होतं. ताशी १९५ने जाणारं विमान ३० अंश कललं आणि पूर्ण मागे फिरायचं म्हटलं तर दरी किमान किलोमीटरभर रुंद हवी. ही आकडेमोड अहवालातली नाही, माझी आहे, अंदाज यावा म्हणून. पण भौतिकशास्त्र कुठल्याही विमानाला सारखंच लागू होतं, मग ते १९३९चं असो की यंदाचं.

मग जास्त कलून लहान वळण घ्यावं की. घेता येतं, पण त्याची किंमत आहे. सरळ उडताना पंखांची सगळी उचल विमानाचं वजन पेलण्यात खर्ची पडते. विमान कललं की त्याच उचलीतला काही भाग वळवण्याकडे जातो, म्हणून वजन पेलण्यासाठी एकूण उचल वाढवावी लागते. वैमानिक नाक थोडं वर ओढतो, पंख वाऱ्याला अधिक तिरपा सामोरा जातो आणि उचल वाढते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. साधारण १५ अंशांच्या आसपास असा एक कोन येतो की त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहू शकत नाही. ती सुटते, भोवरे होतात आणि उचल कोलमडते. याला स्टॉल म्हणतात. इंजिनं व्यवस्थित गुरगुरत असतानाही स्टॉल होतो. जो वेग सरळ उड्डाणात सुरक्षित असतो, तोच वळणात धोक्याचा ठरतो: ४५ अंश कललेल्या विमानाला स्टॉल टाळण्यासाठी सुमारे १९ टक्के जास्त वेग लागतो, ६० अंशांना तब्बल ४१ टक्के.

राहिला वारा. डोंगरात वारा सरळ वाहत नाही. कड्यावरून ओसंडताना तो खाली कोसळतो, तापलेल्या उतारावरून वर उसळतो. पंख आधीच मर्यादेच्या जवळ असेल आणि खालून एक झोत आला, तर वाऱ्याशी होणारा कोन क्षणात वाढतो. वैमानिकाने काहीच केलेलं नसतं, पण मर्यादा ओलांडलेली असते. अशा वेळी उपाय एकच, नाक खाली घालायचं आणि वेग मिळवायचा. त्यासाठी खाली मोकळी उंची लागते.

स्विस तपास यंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये अंतिम अहवाल दिला, त्यात हीच साखळी आहे. वैमानिकांनी विमान कमी उंचीवरून अरुंद दरीत नेलं, जिथून दुसरीकडे वळून बाहेर पडायची सोय नव्हती. त्यात वेग धोकादायकरीत्या कमी ठेवला. अशा ठिकाणी हवेचे हेलकावे अपेक्षितच होते. त्या हेलकाव्यांनी विमान स्टॉल झालं आणि सावरायला उंची नव्हती. डोंगरात उडणाऱ्यांचे पाठ असलेले नियम असे आहेत: दरीच्या मध्यातून जाऊ नका, एका कडेने जा म्हणजे वळायला अख्खी रुंदी हाताशी राहील, खिंडीकडे तिरपे जा म्हणजे वेळ आली तर लगेच बाजूला वळता येईल, आणि पुरेशी उंची आधीच मिळवून ठेवा. यातलं काहीही १९३९च्या विमानाला अशक्य नव्हतं.

अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी बातम्यांत फारशी आली नाही. विमानाचा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे गेला होता. गुरुत्वमध्य म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येईल तो बिंदू. प्रत्येक विमानासाठी तो कुठून कुठपर्यंत असावा याच्या दोन सीमा आखलेल्या असतात. तो थोडा पुढे असला की झोताने नाक वर गेलं तरी ते आपोआप खाली यायला बघतं. मागे सरकला की हा स्वभाव मंदावतो. नाक वर गेलं की आणखी वर जायला बघतं आणि स्टॉलमधून सोडवणं अवघड होतं. विमानात चढताना 'जागा बदलू नका' असं सांगतात त्यामागे नुसती शिस्त नसते, हे कारणही असतं. छोट्या विमानात तर दोन-चार माणसं मागे बसली की फरक पडतो. एचबी-एचओटीच्या बाबतीत हिशेब करणारं सॉफ्टवेअरच चुकीचं उत्तर देत होतं. म्हणजे चूक त्या दिवसापुरती नव्हती.

हे सगळं कळलं कसं? विमानात ब्लॅक बॉक्स नव्हता. एवढ्या जुन्या विमानात तो बसवण्याची सक्तीही नव्हती. प्रवासी मात्र हौसेने आलेले पर्यटक, खिडकीतून फोटो आणि व्हिडिओ काढत होते. खाली डोंगरात फिरणाऱ्यांनीही हे दुर्मीळ विमान बघून कॅमेरे वर केले होते. तपासकांनी ही चित्रं आणि रडारच्या नोंदी जुळवून शेवटच्या मिनिटांतला मार्ग उभा केला. रडारच्या जुन्या नोंदींतून त्यांना आणखी काही सापडलं: सुरक्षित उड्डाणाचे नियम मोडून जोखीम घ्यायची सवय या वैमानिकांना आधीपासूनच होती. दोघंही साठी ओलांडलेले, हवाई दलात आणि नंतर मोठ्या प्रवासी विमानांवर हजारो तास काढलेले. मला अहवालातलं हे सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. नवख्याची चूक समजू शकते. इथे अनुभवच असा होता की दहा वेळा दरीतून सुखरूप बाहेर पडलेल्या माणसाला अकराव्या वेळी दरी अरुंद दिसत नाही.

आता गंज आणि तड्यांचा प्रश्न. अपघातानंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या अंतरिम अहवालात अवशेषांच्या तपासणीची माहिती होती. आतल्या भागांना गंज होता, तडे होते आणि हे बाहेरून सहज दिसणारं नव्हतं. विमान उड्डाणयोग्य स्थितीत नव्हतं, असं अंतिम अहवालही म्हणतो. मग यामुळेच पडलं नाही कशावरून? तपासात याची रीत ठरलेली असते. जे सापडलं त्याचे वेगवेगळे ढीग करतात. ज्याच्याशिवाय अपघात झालाच नसता ते एका ढिगात, ज्याने हातभार लावला ते दुसऱ्यात आणि जे धोकादायक आहे पण या अपघाताशी ज्याचा धागा जुळत नाही ते तिसऱ्यात. गंज-तडे तिसऱ्या ढिगात पडले. पंख जागेवर होते, सुकाणू जोडलेले होते, इंजिनं चालू होती. पुढच्या वर्षी कदाचित याच तड्यांनी दुसरा अपघात घडवला असता, पण ४ ऑगस्टचा नाही. टपरीवरचा निकाल नेमका इथे घसरतो, कारण त्याच्याकडे एकच ढीग असतो.

म्हणजे वयाने विमान पडतच नाही, असंही नाही. १९ डिसेंबर २००५ रोजी मायामीच्या किनाऱ्यावरून उडालेल्या ग्रमन मॅलार्ड जातीच्या जलविमानाचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच तुटून पडला. वीस जण ठार झाले. विमान १९४७चं. या जातीची अवघी ५९ बनली होती. इथे वय थेट गुन्हेगार होतं.

त्याचं काम असं चालतं. प्रत्येक उड्डाणात पंख वर वाकतो, उतरल्यावर खाली येतो. हा भार धातू सहज पेलतो, एकदाच नाही, हजारदा. पण हजारोंच्या पटीत गेल्यावर जिथे भोक, कोपरा किंवा ओरखडा आहे तिथे डोळ्यांना न दिसणारी चीर सुरू होते. ती दर उड्डाणाला किंचित पुढे सरकते. बराच काळ काहीच जाणवत नाही आणि मग उरलेल्या धातूला भार झेपेनासा झाला की एका क्षणात सगळं तुटतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या विमानात गंज या चिरेला साथ देतो. मॅलार्डच्या पंखातल्या टाकीतून इंधन वारंवार झिरपत होतं. ती सूचना होती. दुरुस्त्याही झाल्या होत्या, पण चिरेचा मूळ बंदोबस्त झाला नाही. वर लावलेल्या लेपाखाली ती वाढत राहिली. अमेरिकेच्या तपास मंडळाने दोष दिला तो कंपनीच्या देखभालीला आणि त्या देखभालीवर नजर न ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला.

देखभाल का जमत नाही, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुना यंत्रमाग बंद पडला की मालक बाजारात सुटा भाग शोधत नाही, कारण बनवणारी कंपनी केव्हाच गेलेली असते. तो लेथवाल्याकडे जातो, झिजलेला तुकडा टेबलावर ठेवतो आणि "असाच करून दे" म्हणतो. लेथवाला नमुना बघून हुबेहूब करतो. माग चालू होतो. पण 'असाच' म्हणजे कुठल्या पोलादाचा, किती कडक केलेला, किती भार सोसणारा, हे तुकड्याकडे बघून कळत नाही. ते मूळ कारखान्याच्या नकाशावर लिहिलेलं असतं. मागावर तुकडा तुटला तर चादरीचा एक पदर खराब होतो. विमानात हे चालत नाही, म्हणून तिथे प्रत्येक भागाची जन्मकुंडली लागते: कुठे बनला, कशाचा, कुणी तपासला, किती तास वापरला. कंपनी बंद, नकाशे हरवलेले, तो धातूच आता कुणी ओतत नाही, अशा विमानाची कुंडली जुळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. ते काम करणारे जुने मेकॅनिकही आता फारसे उरलेले नाहीत.

तिसऱ्या प्रकारचा अपघात या दोन्हींच्या मधला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात बी-१७ हे महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान पर्यटकांना घेऊन उडालं. 'नाइन-ओ-नाइन' या नावाने ते ओळखलं जायचं. उडाल्यावर लगेच चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाने दगा दिला. वैमानिक परत फिरला, पण विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं, बाजूला भरकटलं, एका इमारतीवर आदळलं आणि पेटलं. तेरापैकी सात जण गेले, दोन्ही वैमानिक त्यातच.

इंजिनात काय बिघडलं होतं ते जुन्या स्कूटर-मोपेडवाल्यांना पटकन समजेल. पिस्टन इंजिनात ठिणगी देणारा मॅग्नेटो असतो. विमानाच्या प्रत्येक इंजिनाला असे दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. इथे एका मॅग्नेटोची वायर सुटलेली, तो ठिणगीच देत नव्हता. दुसऱ्याच्या पॉइंटची गॅप चुकलेली, त्याची ठिणगी दुबळी. प्लगही झिजलेले. शिवाय शेजारच्या तिसऱ्या इंजिनालाही पुरती ताकद नव्हती. यातलं काहीही वयामुळे अटळ नव्हतं; गॅप मोजायला फीलर गेज लागतो आणि थोडा वेळ. तरीही चार इंजिनांचं विमान उरलेल्या ताकदीवर धावपट्टीपर्यंत पोचू शकलं असतं, असं तपासात निघालं. पण चाकं लवकर खाली सोडली गेली. बाहेर आलेली चाकं हवेला अडवतात, वेग घटतो, उंची जाते.

त्या वैमानिकाला बी-१७ उडवण्याचा हजारो तासांचा अनुभव होता. आणि विमानाच्या देखभालीचा प्रमुखही तोच होता. ज्याने तपासायचं आणि ज्याने 'तपासलं का?' असं विचारायचं, ती दोन माणसं वेगळी असावीत हा विमानक्षेत्रातला जुना शहाणपणा आहे. हौशी संस्थांत माणसं कमी, प्रेम जास्त, म्हणून ही दोन कामं एकाच खांद्यावर येतात. याला मी वयाचा दोष म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात दुसरं एक बी-१७ आणि पी-६३ हे लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळून सहा जण गेले. तिथे यंत्रांचा संबंध नव्हताच. एकाच वेळी उडणाऱ्या विमानांना वेगवेगळ्या उंच्या आखून दिल्या नव्हत्या.

मग अशी विमानं उडवूच नयेत का? संग्रहालयात दोरीमागे उभी करावीत? याचं उत्तर लोक आपापल्या स्वभावाप्रमाणे देतात. आपल्याकडे हवाई दलाने एक डाकोटा (महायुद्धकाळातलं वाहतूक विमान) उडता ठेवला आहे. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये तो भारतात आला, 'परशुराम' असं त्याचं नाव. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले जवान उतरवले ते डाकोटांनीच, त्यामुळे तो उडताना बघून ऊर भरून येणं साहजिक आहे. पण त्यात तिकीट काढलेला पर्यटक नसतो. माझ्या मते फरक इथे आहे. जुन्या विमानात बसलेल्या वैमानिकाला जोखीम माहीत असते आणि ती त्याने पत्करलेली असते. तिकीट काढलेल्या आजोबांना ती माहीत नसते. परवान्याचा शिक्का बघून ते समजतात की हे विमानही मुंबईच्या विमानाइतकंच तपासलेलं आहे. बहुतेक देशांत तसं नसतं. ऐतिहासिक विमानांना नव्या नियमांतून सवलती मिळतात, कारण नवे नियम शब्दशः लावले तर त्यातलं एकही उडणार नाही. सवलत देण्यात गैर काही नाही. ती दिली आहे हे प्रवाशाला ठळकपणे कळत नाही, हे गैर.

स्विस अहवालाने शेवटचं बोट ठेवलं ते यावरच. यू-एअरची उड्डाणं पैसे घेऊन होणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या अटींत बसत नव्हती, संस्थेला स्वतःच्या वैमानिकांच्या सवयी ओळखता आल्या नाहीत आणि ज्या सरकारी कार्यालयाने हे पकडायचं, त्यानेही पकडलं नाही. त्या कार्यालयाने मार्च २०१९ मध्येच या विमानांतून व्यावसायिक प्रवासी नेण्यास मनाई केली होती. कार्यालयाच्या स्वतःच्या चुका मांडणारा अंतिम अहवाल त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी आला.